१५ डिसेंबर १८०३ : गाविलगड पडला

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली वऱ्हाडची शेवटची मोठी झुंज चिखलदऱ्याशेजारच्या गाविलगडावर झाली. २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेस अडगावच्या मैदानात भोसले-शिंद्यांचा पराभव झाला होता. त्यानंतर आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूत नेपोलियनला हरवणारा, गाविलगडाकडे वळला. गडाची कच्ची बाजू उत्तरेची. तिथवर तोफा नेण्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी मेळघाटच्या डोंगरातून वाट पाडली. ते कष्ट प्रत्यक्ष लढाईहून मोठे म्हणावे लागतील. बाहेरच्या तटाला खिंडार पडले, पण आतला तट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून आत उतरली. किल्लेदार बेनीसिंगाचा देह दरवाज्याजवळ मृतांच्या ढिगात सापडला. शरणागतीचा विचारही न करणाऱ्या या किल्लेदाराचे नाव वऱ्हाडातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवे.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धेपलीकडचा पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाला मिळाला. गाविलगड व नरनाळा मात्र भोसल्यांकडेच राहिले. चिखलदऱ्याहून जाणारे पर्यटक आज गडावर शिरतात, तेही उत्तरेकडूनच.