ज्यांना विचारलेच नाही



आंतरराष्ट्रीय व्यापाराचे संशोधन सर्वसमावेशक असावे, अशी भाषा व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांतून हल्ली ऐकू येते. भाषा चांगली आहे. परंतु तिची गरज का पडली हे समजायचे तर एका गाजलेल्या पाहणीचा इतिहास पाहिला पाहिजे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. युनियनच्या कचेरीत रात्री वाचून जे उमगले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

गीर्ट हॉफस्टेड हे डच गृहस्थ मूळचे इंजिनियर. आयबीएम कंपनीत नोकरवर्गाच्या मनोवृत्तीची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९६७ ते १९७३ या काळात अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून सुमारे १,१६,००० प्रश्नावल्या, वीस भाषांत, भरून घेण्यात आल्या. पुढे लोझान येथील व्यवस्थापन-विद्यालयात शिकवत असताना त्यांनी तेथे आलेल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना त्यांतलेच काही प्रश्न विचारले. देशादेशांतला फरक तसाच दिसला. १९८० साली ग्रंथ निघाला, आणि राष्ट्राचा स्वभाव आकड्यांत मांडण्याची रीत जगभर रूढ झाली.

युक्तिवाद हुशारीचा होता, हे मान्य केले पाहिजे. कंपनी एक, कामे सारखी. मग उत्तरांत जो फरक उरेल तो राष्ट्राचा! पण लाखाचा आकडा ऐकून दबून न जाता जरा आत शिरावे. हजाराहून अधिक उत्तरे आली ती फक्त सहा देशांतून: पाच युरोपातले आणि सहावा जपान. पंधरा देशांत ती दोनशेच्याही आत होती. पाकिस्तानातून पहिल्या फेरीत ३७ आणि दुसऱ्या फेरीत ७०. कारखान्यातला अंगमेहनती कामगार हिशेबातून वगळलेला. मोजले ते मुख्यतः विक्री आणि देखभाल खात्यांतले लोक. पुढे यादी वाढवली तेव्हा इथिओपिया, केनिया, टांझानिया आणि झांबिया मिळून ‘पूर्व आफ्रिका’ असा एकच आकडा झाला. चार देशांची एक मोट!

आता आपल्याकडे येऊ. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातली सत्तेची विषमता लोक कितपत स्वाभाविक मानतात, याच्या मोजपट्टीवर भारताला ७७ गुण मिळाले. म्हणजे सरासरीच्या बरेच वर. या मापातला एक प्रश्न असा होता की, वरिष्ठांशी मतभेद बोलून दाखवायला कर्मचारी किती वेळा घाबरतात. आणि विचारणारी कोण, तर कंपनीच! फोरमन शेजारी उभा असताना ‘काही तक्रार आहे का रे?’ असे विचारले, तर ‘नाही साहेब’ याखेरीज उत्तर येत नाही, हे गेटवर सभा घेणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. तो त्या माणसाचा स्वभाव नव्हे, त्याच्या पगाराची काळजी असते.

ज्या देशाला हे ७७ गुण मिळाले त्याच देशात ८ मे १९७४ रोजी सुमारे सतरा लाख रेल्वे कामगारांनी संप पुकारला. ग्रंथ निघून दोन वर्षे होतात न होतात तोच, १८ जानेवारी १९८२ पासून, मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी साचे थांबवले. यामुळे आकडा खोटा ठरतो असे मी म्हणत नाही. कचेरीतल्या बाबूपुरता तो खराही असेल. मात्र गिरणगावाला कोणी विचारले नव्हते, आणि नाव मात्र ‘भारत’ असे पडले. आयबीएमने १९७८ मध्ये येथला गाशा गुंडाळला. पाठ्यपुस्तकांत आकडा राहिलाच.

म्हणून अशा संशोधनाचे पहिले तत्त्व मला असे दिसते की, कोणाला विचारले नाही हे पहिल्या पानावर लिहावे. दुसरे याहून अवघड आहे: प्रश्न काय असावेत हे ठरवण्याचा हक्कही वाटून घ्यावा. याचा दाखला हाँगकाँगमध्ये मिळतो. तेथील चिनी विद्यापीठात मायकेल बाँड यांनी चिनी अभ्यासकांनाच विचारले की, तुमच्या समाजाची मूलभूत मूल्ये कोणती? त्यावरून चाळीस मुद्द्यांची प्रश्नावली झाली आणि ती वीसहून अधिक देशांत फिरली. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा जुन्या चार मापांपैकी एकाचा मेळच बसेना. आणि काटकसर, चिकाटी, लाजलज्जा यांचे एक नवेच माप पुढे आले, जे युरोपात बेतलेल्या प्रश्नांतून दिसले नव्हते. हॉफस्टेड यांनी ते आपल्या मांडणीत पाचवे म्हणून स्वीकारले, हा त्यांचा मोठेपणा.

मात्र त्या पाहणीतही उत्तरे देणारे विद्यापीठांतले विद्यार्थी होते. साच्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत कागद तेव्हाही पोहोचला नाही.