घारापुरीचा स्तंभ

रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातील घारापुरी (एलिफंटा) बेटावरच्या मुख्य शैव लेण्यातील स्तंभप्रकार. काळ साधारण इ. स. सहाव्या शतकाचा मध्य. समोर सदाशिवाचे सुमारे 20 फुटी त्रिमुखी शिल्प असल्याने या खांबांकडे सहसा कुणी निरखून पाहत नाही. पण लेण्याला मंदिराचे रूप आले आहे ते खांबांमुळेच.

रचना : उंची सुमारे 15 ते 17 फूट. खालचा अर्धा भाग चौकोनी आणि साधा. त्यावर गोल, उभ्या पन्हळी कोरलेला, वर निमुळता होत जाणारा दंड. दंडाच्या माथ्यावर, भाराखाली दबून फुगावी तशी, फाकाफाकांची दगडी उशी असून तिच्या मध्यावरून एक पट्टी फिरते. हे स्तंभशीर्ष. त्यावर हस्त आणि हस्तांवर तुळई.

ग्रीक मंदिराच्या डोरिक स्तंभाशी याचे साम्य चटकन जाणवते. त्याच्या दंडावरही पन्हळी असतात (अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये 20), आणि शीर्षातला ‘एकायनस’ हा गोलसर भागही उशीसारखाच असतो. त्यावर ‘अबॅकस’ हा चौकोनी फलक आणि त्यावर तुळई. मात्र या साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. उभ्या आधारावरून आडव्या तुळईकडे जाताना मध्ये काहीतरी रुंद हवे, ही गरज दोन्हीकडच्या कारागिरांनी ओळखली होती.

खरा भेद घडणीत आहे. पार्थेनॉनचे खांब (इ. स. पू. 447–432) संगमरवराची वर्तुळाकार खंडे एकावर एक रचून उभे केले. घारापुरीला खांब उभा केलेलाच नाही. बेसाल्टचा डोंगर कोरत नेला आणि खांब तेवढा मागे ठेवला. लाकडी बांधकामातली तुळईही इथे छताच्याच कातळात कोरलेली आहे. म्हणून अनेक खांब मोडूनही छत टिकले. आज दिसणारे काही खांब दुरुस्तीत नव्याने घातलेले आहेत.

मांडणीही उलट आहे. ग्रीक मंदिरात स्तंभांची रांग गाभाऱ्याला बाहेरून वेढते, वेदीही बाहेर उघड्यावर असते. रोमन मंदिर उंच जोत्यावर, पायऱ्या फक्त पुढे. फ्रान्समधील नीम येथील मेझाँ कारे मंदिरात बाजूचे खांब भिंतीतच अर्धे रुतलेले आहेत. घारापुरीत स्तंभ आत, भाविकाच्या भोवती. त्यांच्या रांगांतून दोन वाटा निघतात : उत्तरेच्या दारातून सदाशिवाकडे, पूर्वेकडून चार दारांच्या लिंगगाभाऱ्याकडे. भिंतीतील शिल्पपटांच्या मध्ये अर्धस्तंभ आहेत.

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश : 1987. लेणी सोमवारी बंद असतात.