होल्स्टरची दुसरी शिवण

आमच्या आजोळी रिव्हॉल्व्हर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मित्रांना ही गोष्ट सांगायला लागलो की तिसऱ्याच वाक्याला कुणीतरी विचारतं, "मग दाखव की." दाखवायला आहे ते फक्त कव्हर. जाड, तपकिरी, कडांना काळं पडलेलं चामडं, वर झाकण, मागे पट्टा अडकवायची पट्टी. कुंडलच्या अलीकडच्या आमच्या आजोळच्या घरात ते लोखंडी ट्रंकेत, लग्नातल्या शालूंच्या खाली असतं. मामा त्याला 'बापाचं पिस्तूल' म्हणतो. पिस्तूल नसताना.

मी पुण्यात कोड लिहितो. लॉकडाऊनमध्ये मला जुनी रिव्हॉल्व्हरं दुरुस्त करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायची सवय लागली. अमेरिकेतला कुणीतरी निवृत्त गृहस्थ गंज चढलेली वेब्ली घेतो, खोलतो, तेलात बुडवतो, एकेक स्क्रू ओळीत मांडतो. आवाज फक्त ब्रशचा. झोप येण्यासाठी याहून चांगलं काही नाही. त्या व्हिडिओंमध्ये एक शब्द सारखा यायचा, 'शेव्ह्ड'. म्हणजे तासलेली. ती भानगड समजून घेतली आणि मला शालूंच्या खालचं ते कव्हर आठवलं.

भानगड अशी. वेब्ली मार्क ६ हे १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आलेलं रिव्हॉल्व्हर, बोअर .४५५. साधारण एक किलो शंभर ग्रॅम वजन, लांबी २८६ मिलिमीटर, मधून मोडून उघडायचं, सहा काडतुसं. दुसरं महायुद्ध संपल्यावर ही हजारोंनी भंगाराच्या भावात अमेरिकेत गेली. पण तिथे .४५५ ची काडतुसं सहज मिळेनात. मिळायची ती त्यांच्या स्वतःच्या लष्करी पिस्तुलाची, .४५ ची. गोळीची जाडी जवळपास तीच, पण बुडाची रचना वेगळी. वेब्लीच्या काडतुसाला बुडाशी कड असते आणि त्या कडेवर ते सिलिंडरमध्ये टेकतं. अमेरिकन काडतुसाला अशी कड नाही. मग ती काडतुसं पत्र्याच्या चंद्रकोरीसारख्या क्लिपमध्ये अडकवायची, आणि त्या पत्र्याला जागा व्हावी म्हणून सिलिंडरची मागची बाजू तासायची. झालं रूपांतर. दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश. फक्त त्या नव्या काडतुसाचा दाब जुन्याच्या जवळजवळ दीडपट असतो, आणि जुन्या पोलादाला ते कुणी विचारलेलं नसतं. म्हणून आज संग्राहक न तासलेली वेब्ली जास्त पैसे देऊन घेतात, आणि तासलेली घेतलीच तर तिच्यात हलकी काडतुसं घालतात.

धाकट्या .३८ ची गोष्ट तशीच. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या लक्षात आलं, की .४५५ चा धक्का नव्या रंगरुटाला झेपत नाही. म्हणून एनफिल्ड नंबर २ आणि वेब्ली मार्क ४ ही हलकी रिव्हॉल्व्हरं आली, दोन्ही .३८ ची, पाऊण किलोच्या आसपास. यांचंही पुढे अमेरिकेत रूपांतर झालं: सिलिंडरची भोकं खोल करायची, की त्यांच्याकडची लांब .३८ स्पेशल काडतुसं बसतात. बसतात, पण मूळ भोक किंचित रुंद असल्यामुळे उडवल्यावर पितळ पोटाशी फुगतं. पोर्ट कसलाही असो, ॲडाप्टर लावून चालवणारे आपण लोक. मला हे फार ओळखीचं वाटलं.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी दिवाळीत आजोळी गेलो आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन ट्रंक उघडली. मामी म्हणाली, "पोरगं इंजिनिअर झालं आन् कातडं मोजतंय."

कव्हरला दोन शिवणी आहेत. एक अगदी काठावरची, मूळची. दुसरी तिच्या आत, खाली बुडाकडे अडीच सेंटिमीटर वर सरकलेली, बाजूलाही थोडी आत आलेली. म्हणजे मोठ्या हत्याराचं कव्हर कुणीतरी नंतर लहान हत्यारासाठी आवळलं होतं. मार्क ६ ची लांबी २८६ मिलिमीटर, एनफिल्डची २६०. फरक २६. माझं माप साडेपंचवीस. कातडं ताणतं, आकसतं, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरवर मी पैज लावणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं. बोअर बदललेलं रिव्हॉल्व्हर आमच्याकडे नव्हतं; बोअर बदललेलं कव्हर होतं.

घरची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, जमादार होऊन परतले. हा सातारा जिल्हाच तसा. आपशिंगे गावातून त्या एका युद्धात ४६ जण गेले आणि परत आले नाहीत, आजही ते 'मिलिटरी आपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. (तेव्हा आमचं गावही साताऱ्यातच. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली जिल्हा म्हणायला लागले १९६० मध्ये.) पणजोबांना दोन मुलगे. थोरले दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले. धाकटे, म्हणजे माझे आजोबा, प्रतिसरकारात. एकाच घरातून एकाचा पगार इंग्रजाकडून यायचा आणि दुसरा इंग्रजाच्या तारा तोडायचा. त्या काळी इकडे याचं कुणाला विशेष वाटत नसे.

मामाचं म्हणणं, त्या कव्हरातलं हत्यार आजोबांनी प्रतिसरकारात वापरलं. आजोबांच्या नावावर कागद एकही नाही. स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन त्यांनी मागितली नाही असं आजी म्हणते, आणि मागितली पण मिळाली नाही असं मामा म्हणतो. त्यामुळे ते कातडं म्हणजे मामाचा एकमेव पुरावा.

प्रतिसरकारची हत्यारं हा विषय सिनेमात दिसतो तसा नव्हता. १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. त्याच्या आदल्या दिवशी वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांच्या सोबतचे लोक. समोर बंदुका, हातात तिरंगा. त्यानंतर भूमिगतांनी ठरवलं की हत्यार लागेल. पण आणणार कुठून? एक तर गोव्यातून. पोर्तुगीजांच्या हद्दीतून चोरून हत्यारं आणताना बाळ जोशी पकडले गेले, तेव्हा त्यांना भेटायला नाना पाटलांची मुलगी हौसाताई तुरुंगापर्यंत गेली, १९४४ मध्ये. दुसरा मार्ग, सरकारचीच घ्यायची. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर हौसाताईंनी नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक उभं केलं, शिपाई सोडवायला बाहेर आले, आणि सोबत्यांनी आतून रायफली आणि काडतुसं उचलली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले ते पहारेकऱ्यांची हत्यारं घेऊनच. पाठलागात अण्णा पत्रावळे आणि बाबू जाधव मारले गेले, दादांना गोळी लागली.

भवानीनगरला रायफलींबरोबर काडतुसंही उचलली, हे मी आधी वाचलं होतं. त्याचा अर्थ आत्ता कळला. काडतूस नसेल तर बंदूक म्हणजे महागडी काठी. आणि काडतूस त्याच बोअरचं हवं. गावात लोहार होता, किर्लोस्करवाडीत लेथ होतं, डोकं तर होतंच. पण योग्य मापाचं काडतूस शेतात उगवत नाही. ज्याच्या हातात काडतुसाचा कारखाना, त्याच्या हातात सगळ्यांच्या बंदुका.

इंग्रजांना हे नव्वद वर्षं पाठ होतं. १८५७ नंतर त्यांनी हिंदी पलटणींना द्यायच्या एनफिल्ड रायफलींच्या नळ्या आतून कोरून गुळगुळीत केल्या. .५७७ ची आटेदार नळी, ती झाली .६५ च्या आसपासची साधी मस्केट. दिसायला तीच बंदूक, नेम मात्र गेला. ऐन लढाईत गोऱ्या पलटणीची रायफल लांबून मारेल आणि आपली मारणार नाही, एवढा फरक मुद्दाम ठेवला. पुढे १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी आली, कारण लष्करी मार्टिनीच्या गोळीचं माप तेच होतं आणि ती बंडखोरांच्या हाती पोचेल ही भीती. मग वाघ-हत्ती मारणाऱ्या साहेबांसाठी इंग्लंडच्या कंपन्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी बोअरं काढली. हत्तीला फरक कळला नसावा. आणि ईशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींचं रूपांतर .४१० च्या एकबारी मस्केटमध्ये केलं गेलं, तुरुंगाच्या आणि पोलिसांच्या पहाऱ्यासाठी. त्या मस्केटची गोळी लष्करी रायफलीत चालत नाही. पहारेकऱ्याच्या हातून हत्यार गेलंच, तर नेणाऱ्याची पंचाईत व्हावी.

अमेरिकेत रूपांतर करतात ते मिळेल ते काडतूस चालावं म्हणून. आपल्याकडे केलं ते चालू नये म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही व्हेंडर लॉक-इन म्हणतो आणि त्यावर चहा पिता पिता वैतागतो.

गंमत म्हणजे हे अजून संपलेलं नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली .३८ आणि .४५५ ची हातातली हत्यारं निषिद्ध बोअरमध्ये येतात. सर्वसामान्य परवानाधारकाला मिळतं ते .३२. कानपूरला सरकारी कारखान्यात बनणारं .३२ रिव्हॉल्व्हर नीट बघा: ते त्या जुन्या वेब्ली मार्क ४ वरच बेतलेलं आहे. .३८ चा सांगाडा, .३२ चं भोक. २०२० मध्ये वेब्ली कंपनी स्वतः उत्तर प्रदेशात आली तीही .३२ घेऊनच. म्हणजे बोअर बदललेलं जुनं रिव्हॉल्व्हर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. ते सरकारमान्य दुकानात नवंकोरं मिळतं.

जमवायचं, दुरुस्त करायचं म्हणाल तर विसरा. परवान्यावर जास्तीत जास्त दोन हत्यारं, २०१९ पासून. दुरुस्तीलाही परवाना लागतो. दुरुस्त करूनही न चालणारी, केवळ पुराणवस्तू म्हणून उरलेली हत्यारं कायद्यातून सुटतात, पण रिव्हॉल्व्हर त्यात बसवणं कठीण. पाहायची हौस असेल तर औंधचं आणि साताऱ्याचं संग्रहालय. आणि कातडी कव्हराला मात्र कुठलाच कायदा लागू नाही. ते मी खोबरेल लावून, सावलीत ठेवून, महिनाभर हळूहळू मऊ केलं. माझं संग्राहकपण एवढंच.

अडचण आली ती मामाला सांगताना. कारण माझ्या मापांवरून सरळ निघणारा अर्थ मामाच्या विरुद्ध होता. मोठं कव्हर पणजोबांच्या .४५५ चं. आवळलं ते .३८ साठी. आणि १९४३ मध्ये .३८ कुणाकडे असेल? इटलीतल्या जमादाराकडे, म्हणजे थोरल्यांकडे. पलटणीचं रिव्हॉल्व्हर परत गेलं, बापाचं कव्हर घरी राहिलं. आजोबांचा त्यात संबंध नाही. बग सापडला, तिकीट बंद.

मी हे चहाच्या वेळी सांगितलं, मोबाईलवर आकृती काढून. मामा काही बोलला नाही. उठून गोठ्यात गेला. आजी म्हणाली, "त्यात पिस्तूल हुतं का भाकरी, कुणी बघितलंय? माझं लगीन झालं पन्नास सालात. तवा त्यात बियाणं ठेवायचं ह्ये." मग थोडं थांबून, "पर त्येला कशाला सांगितलंस?"

दोन दिवस मामा माझ्याशी उसाच्या बिलाबद्दल बोलत राहिला, फक्त.

मागची पट्टी तुटायला आली होती म्हणून तिसऱ्या दिवशी मी कव्हर घेऊन तासगावला गेलो. बाजारात एक म्हातारे कारागीर बसतात, हाताने चपला बांधतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कव्हर उलटंपालटं केलं, काठावरून अंगठा फिरवला.

"ही भाईरची शिवण मेणाच्या दोऱ्याची. मशीनवाणी सरळ. कंपनीची हाय." मग आतल्या शिवणीवर नख टेकवलं. "आन् ही वादीची. चामड्याच्या वादीनं आमी चपला शिवतो. ह्ये आपल्याकडच्या माणसाचं काम हाय, साहेब. हितलंच."

पलटणीत खोगीर-पट्टे शिवणारे असतात, दोरा-मेण असतं. इटलीत कुणी वादीने शिवत नाही. हे आवळणं गावात झालं होतं. थोरल्यांनी सुट्टीत करून घेतलं असेल, हे शक्य आहेच. पण सुट्टीवर येताना सरकारी रिव्हॉल्व्हर कोण घरी आणू देईल? आणि मापाला हत्यार समोर नसताना चांभाराने अडीच सेंटिमीटर बरोबर कसं आवळलं?

"जुनी वादी सुकलीय. उसवून नवी घालू का?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हणालो. फक्त पट्टी शिवून घेतली, चाळीस रुपये दिले, आणि तिथूनच मामाला फोन लावला.