गाडीच्या पोटाखालचा पत्रा

साताऱ्याहून परतताना शिरवळच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर एक डबकं लागलं. नेहमीच्या सवयीने मी ते अंदाजाने पार केलं आणि अंदाज चुकला. पुढे गाडीखालून खरखर ऐकू यायला लागली, साठच्या पुढे गेलं की फडफड. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या पोराने पोतं अंथरलं, पाठीवर सरकत आत गेला आणि आतूनच निकाल सांगितला : "साहेब, अंडर कव्हर लोंबतंय. काढून डिकीत टाकू का? त्याच्यावाचून काही अडत नाही. निम्म्या गाड्यांना नसतंच."

त्याचं अगदीच चुकत नव्हतं. पोटाखालचा तो काळा प्लास्टिकचा पत्रा काढला तरी गाडी चालते, ब्रेक लागतो, एसी गार करतो. विकताना त्याचं कौतुक कुणी सांगत नाही, घेताना कुणी वाकून पाहत नाही. गाडीच्या सगळ्या अवयवांत इतका बिनमानाचा अवयव दुसरा नसेल. त्याची कुळी शोधायला गेलं तर पहिलीच गंमत कळते : हा पत्रा वाऱ्यासाठी जन्मलाच नाही. तो जन्मला चिखलासाठी.

सुरुवातीच्या मोटारी धावत होत्या त्या बैलगाड्यांच्या रस्त्यांवर. धूळ, शेण, खडी, चिखल सगळं चाकांनी उडून उघड्या इंजिनावर जायचं. म्हणून इंजिनाखाली पत्र्याचं ताट लावायची पद्धत पडली. फोर्डच्या मॉडेल टीलाही इंजिनाच्या दोन्ही अंगांना अशी पत्र्याची ताटं होती. वाऱ्याचा विचार तेव्हा माणसं करत नव्हती असं नाही, पण ती वरून करत. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेर इथे कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. रस्त्यावरच्या वाहनाने शंभरी ओलांडल्याची ही पहिली नोंद. गाडी विजेवर चालणारी, नाव 'ला जामे कोंतांत', म्हणजे कधीच समाधान न होणारी. तिचा फोटो जरूर पाहा. वरचं अंग टॉर्पेडोसारखं, दोन्हीकडे निमुळतं, गुळगुळीत. त्याच्याखाली मात्र चौकट, स्प्रिंगा, चाकं सगळी उघडीवाघडी, आणि टॉर्पेडोतून स्वतः जेनात्झी कमरेपासून वर बाहेर. वाऱ्याला फसवायची इतकी तयारी करून अर्धं बिऱ्हाड बाहेर ठेवलेलं.

खालून पाहायला शिकवलं ते विमानवाल्यांनी. विमानाला वर-खाली असा भेद करून चालत नाही. त्याच्या पोटालाही तेवढाच वारा लागतो. मोटारवाल्याला गाडी दिसते ती फुटपाथवरून. जर्मनीत फ्रीडरिक्सहाफेनला झेपेलिन कंपनीत काम केलेल्या पॉल यारायने पहिल्या महायुद्धानंतर मोटारीला वाऱ्याचं अंग द्यायचा ध्यास घेतला. तिथल्याच विंड टनेलमध्ये वोल्फगांग क्लेम्पररने १९२२ मध्ये केलेल्या चाचण्या या कुळकथेत मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. थेंबाच्या आकाराची वस्तू मोकळ्या हवेत ठेवली तर तिचा रोधांक ०.०५ च्याही आत. रोधांक म्हणजे आकार वाऱ्याला किती अडवतो त्याचं माप. जितका कमी तितकं बरं. तोच थेंब जमिनीजवळ आणला, त्याला चाकं लावली, की आकडा एकदम वर चढतो. म्हणजे आकाशातला उत्तम आकार रस्त्यावर उत्तम राहत नाही, कारण रस्ता आणि पोट यांच्यामध्ये एक चिंचोळा बोळ तयार होतो आणि त्या बोळातून जाणारी हवा तिथल्या प्रत्येक वस्तूशी भांडत जाते.

या बोळात असतं काय? एकदा गाडी रॅम्पवर चढली की मान वर करून पाहा. इंजिनाचा तेलाचा डबा, गिअरबॉक्स, सायलेन्सर आणि त्याचा वाकडातिकडा पाइप, पेट्रोलची टाकी, मागचा अ‍ॅक्सल, दहा-वीस ब्रॅकेट आणि बोल्ट. बॉनेट चकचकीत आणि पोट म्हणजे जुन्या वाड्याची मागची बाजू. प्रत्येक उंचवट्यामागे हवेचा भोवरा तयार होतो आणि तो भोवरा फिरवायची ताकद इंजिनाच्या खिशातून जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो, आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद आठपट. पुण्यात लक्ष्मी रोडच्या गर्दीत या पत्र्याचा उपयोग शून्य. ऐंशी-नव्वदच्या पुढे त्याची किंमत कळायला लागते.

क्लेम्पररनंतर जर्मनांनी हा विचार टोकाला नेला. गटिंगेनच्या वायुगतिकी संशोधन संस्थेत कार्ल श्ल्योरने मर्सिडीज १७० एचच्या सांगाड्यावर एक अंड्यासारखी गाडी बांधली. चाकं झाकलेली, पोट पूर्ण बंद. १९३९ मध्ये ती बर्लिनच्या प्रदर्शनात ठेवली. लोकांनी नाव ठेवलं 'गटिंगेनचं अंडं'. रोधांक ०.१८६, जो आजही बहुतेक गाड्यांना जमत नाही. मूळ १७० एच ताशी १०५ च्या आसपास पळायची, अंडं त्याच इंजिनावर १३५ च्या घरात. युद्धात त्याच गाडीच्या मागे पकडलेलं रशियन विमानाचं इंजिन आणि पंखा बसवूनही ती पळवून पाहिली, यावरून त्या मंडळींची वृत्ती कळावी. आडव्या वाऱ्यात मात्र अंडं डगमगायचं, आणि दिसायलाही तसं बेढबच. ते कारखान्यात कधी गेलं नाही, युद्धानंतर नाहीसंच झालं.

रोजच्या गाडीला गुळगुळीत पोट दिलं ते स्वीडनच्या साबने. साबचा मूळ धंदा विमानांचा. युद्ध संपल्यावर गिऱ्हाईक आटणार म्हणून त्यांनी मोटार करायला घेतली, आणि घडवणाऱ्यांच्या हातात विमानाचीच सवय. डिसेंबर १९४९ मध्ये साब ९२ कारखान्यातून बाहेर पडू लागली : दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद जेमतेम २५ अश्वशक्ती, रोधांक ०.३० च्या आसपास. एवढ्याशा इंजिनाला वाऱ्याशी भांडायला लावणं परवडणारं नव्हतं, हा भाग मोठा. दुसरं म्हणजे इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नाही, त्यामुळे पोटाखाली झाकायला फारसं काही उरलंच नाही. १९५५ च्या सिट्रोएन डीएसचंही तेच. पुढची चाकं ओढणारी, तळ बहुतांशी सपाट.

मग बाकीच्यांनी लगेच का नाही केलं? पेट्रोल स्वस्त होतं, हे एक कारण. पण खरी अडचण गॅरेजातली आहे. इंजिन तापतं, सायलेन्सर त्याहून तापतो, रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेला बाहेर जायला वाट लागते, आणि ती वाट बहुतेक वेळा खालूनच असते. पोट बंद केलं की उष्णता कोंडते. दुसरं, ऑइल बदलायचं तर आधी हा पत्रा काढायला हवा. बारा स्क्रू, सात-आठ प्लास्टिकच्या क्लिपा, वरून चिखलाचे पापुद्रे डोळ्यांत. पहिल्या सर्व्हिसिंगला सगळं परत लागतं. दुसऱ्या वेळी दोन क्लिपा तुटतात. तिसऱ्या वेळी पत्रा दोन क्लिपांवर लटकत घरी येतो, आणि चौथ्या वेळी कुणीतरी विचारतं, काढून टाकू का?

मर्सिडीजने १९८३ मध्ये १९० डी आणली तेव्हा इंजिन चारी बाजूंनी आवरणात बंद केलं. त्यातही मूळ हेतू वारा नव्हता. डिझेलचा खडखडाट दाबायचा होता, आणि तो निम्म्यावर आला. जर्मनांनी तिला 'कुजबुजणारं डिझेल' म्हटलं. चिखलासाठी आलेला पत्रा आता आवाजासाठी आला. असा हा दरवेळी दुसऱ्याच कामावर नेमला जातो आणि वाऱ्याचं काम फुकटात करतो.

शर्यतीच्या गाड्यांत याचा एक चुलत भाऊ आहे, त्याची गल्लत करू नये. घरच्या गाडीला हवा निमूट मागे जाऊ द्यायची असते. शर्यतीच्या गाडीला तीच हवा वापरून स्वतःला रस्त्याला चिकटवायचं असतं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या विंड टनेलमध्ये लोटस या शर्यतसंघाचा पीटर राइट एका मॉडेलची चाचणी घेत होता. आकडे विचित्र यायला लागले. पाहिलं तर मॉडेलच्या बाजूच्या पेट्या वाऱ्याने वाकून जमिनीकडे झुकल्या होत्या, आणि जितक्या झुकतील तितकी गाडी खाली ओढली जात होती. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून पेटी आणि जमीन यांच्यातली फट बंद केली, तर ओढ आणखी वाढली. बोळ अरुंद झाला की हवा जोरात धावते आणि दाब पडतो, हे अठराव्या शतकातलं ज्ञान. पण शर्यतीचं नशीब फिरवलं पुठ्ठ्याने. त्यातून आधी लोटस ७८, मग ७९ या गाड्या आल्या आणि १९७८ चं फॉर्म्युला वनचं अजिंक्यपद मारियो आंद्रेत्तीने नेलं. वळणावरचे वेग इतके वाढले की १९८३ पासून फॉर्म्युला वनने चाकांच्या मधला तळ सपाटच हवा असा नियम केला.

पुठ्ठ्याची आठवण ठेवा, कारण पुढची पायरी तीच आहे. अमेरिकेत पेट्रोलच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारी हौशी मंडळी आहेत. ती स्वतःच्या गाडीचं पोट स्वतः झाकतात, आणि त्यासाठी वापरतात पोकळ नळ्यांचं प्लास्टिक, ज्याच्या तिकडे निवडणुकीच्या पाट्या होतात. आपल्याकडे त्याला सनपॅक शीट म्हणतात. क्लासच्या जाहिराती विजेच्या खांबाला बांधतात, तीच. हलकं, ओलं होत नाही, कात्रीने कापता येतं. निवडणूक संपली की फुकट. फक्त सायलेन्सरजवळ ते वितळतं, तिथे अ‍ॅल्युमिनियमचाच पत्रा लागतो आणि मध्ये बोटभर जागा. हे ज्यांनी विसरून केलं त्यांना जळका वास आला असणार.

कारखान्यांनीही तेच केलं, नीटनेटकं. जनरल मोटर्सच्या १९९६ च्या विजेच्या ईव्ही१ ला पोटभर पत्रा होता, रोधांक ०.१९. होंडाची १९९९ ची इनसाइट ०.२५. आता बॅटरीवरच्या गाड्यांत सायलेन्सर नाही, पेट्रोलची टाकी नाही, आणि बॅटरीची चपटी पेटी हाच तळ. २०२१ च्या मर्सिडीज ईक्यूएसचा रोधांक ०.२० आहे. श्ल्योरच्या अंड्याला तिने अजून गाठलेलं नाही.

शिरवळच्या पोराला मी म्हटलं, काढू नकोस, बसव. त्याने माझ्याकडे बघितलं, डब्यातून तीन जुन्या क्लिपा शोधल्या, दोन ठिकाणी तार बांधली. फडफड गेली. तुमच्या गाडीचं ऑइल बदललं की रॅम्पवरून उतरायच्या आधी एकदा वाकून पाहा, आणि क्लिपा मोजून घ्या.