अतिभाराखाली संगणक बंद पडणे

अतिभाराखाली संगणक बंद पडणे हा प्रामुख्याने गेमिंग संगणकांत आढळणारा दोष आहे. असा संगणक लेखन, चित्रफिती पाहणे यांसारखी कामे सुरळीत करतो. मात्र प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांवर मोठा भार पडताच तो गोठतो, पुन्हा सुरू होतो किंवा एकदम बंद पडतो. एकाच लक्षणामागे अनेक कारणे संभवतात. त्यामुळे निदान न करता सुटे भाग बदलल्यास खर्च वाया जातो आणि दरम्यान वारंवार बंद पडण्याने साठवलेली माहिती खराब होण्याचा धोका राहतो.

लक्षणे

कोणतीही सूचना न देता संगणक बंद पडल्यास प्रथम वीजपुरवठा व तापमान तपासले जाते. निळा पडदा दिसल्यास रॅम, प्रोसेसर किंवा ड्रायव्हर यांत दोष असू शकतो. पडदा क्षणभर काळा होऊन चित्र परत आल्यास बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झालेला असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच दर्शवते. ती एसएमपीएस बिघडल्याचा पुरावा नव्हे.

कारणे

* वीजपुरवठा : ग्राफिक्स कार्डाची विजेची मागणी काही क्षणांसाठी सरासरीपेक्षा बरीच वाढू शकते. अशा वेळी एसएमपीएसमधील संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा क्षणिक मागणीचा विचार केलेला आहे.
* तापमान : साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा बंद पंखा यांमुळे उष्णता वाढते. प्रोसेसर आधी वेग कमी करतो व मर्यादा ओलांडल्यास संगणक बंद होतो.
* रॅम : एक्सएमपी सुरू केल्यास रॅम मूळ मानकापेक्षा अधिक वेगाने चालते व काही संचांत अस्थिरता येते.
* प्रोसेसर : इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांत अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले. त्यासाठी बायोसद्वारे सुधारित मायक्रोकोड देण्यात आला. तथापि आधीच झालेली हानी त्याने भरून निघत नाही.

निदान

एका वेळी एकच बदल करणे हा निदानाचा मूलभूत नियम होय. आरंभी महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी आणि ओव्हरक्लॉकिंग व एक्सएमपी बंद करावे. त्यानंतर तापमानाची नोंद ठेवत प्राइम९५ने प्रोसेसर, फरमार्कने ग्राफिक्स कार्ड आणि मेमटेस्ट८६ने रॅम स्वतंत्रपणे तपासली जाते. दोन्ही मुख्य भाग एकेकटे टिकून एकत्रित भाराखालीच संगणक बंद पडत असेल, तर एसएमपीएस किंवा पेटीतील अपुरे वायुवीजन यांविषयीचा संशय बळावतो. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा कमी केल्यावर दोष नाहीसा झाल्यास याच निष्कर्षाला पुष्टी मिळते. तरीही कार्डातील दोषाची शक्यता उरते. अशा वेळी पुरेशा क्षमतेचा दुसरा एसएमपीएस जोडून पाहणे हा अधिक खात्रीचा मार्ग ठरतो.

सुरक्षा

एसएमपीएसमधील कपॅसिटरमध्ये वीजजोडणी काढल्यानंतरही घातक विद्युतभार राहू शकतो. म्हणून त्याचे आवरण घरी उघडू नये.