परस्पर घरबदल

परस्पर घरबदल : कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) किंवा हाऊसिंग असोसिएशनच्या (ना-नफा गृहसंस्थेच्या) भाडेकरूंनी आपली घरे एकमेकांशी बदलून घेण्याची इंग्लंडमधील पद्धत. तिथे सार्वजनिक घर कौन्सिलच्या प्रतीक्षायादीतून मिळते, आणि यादीत नाव घालण्याआधी अर्जदाराचा त्या भागाशी संबंध आहे का, हे बहुतेक कौन्सिल पाहतात : वास्तव्य, नोकरी, जवळचे नातलग. संबंध सिद्ध झाला तरी पुढे वर्षे जाऊ शकतात. लीड्सच्या भाडेकरूला ब्रिस्टलला जायचे असेल, तर लीड्सला यायला तयार असलेला ब्रिस्टलचा भाडेकरू गाठणे हाच अनेकदा जवळचा मार्ग ठरतो.

कौन्सिलच्या कायम भाडेकरूंना हा हक्क 1985 च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम 92 ने दिला आहे. घर फार मोठे आहे, अपंगांसाठी खास बांधले आहे, घर खाली करण्याची कारवाई चालू आहे, अशा कायद्यात नमूद कारणांवरूनच घरमालक संस्था नकार देऊ शकते, आणि तोही 42 दिवसांच्या आत. भाडे थकले असेल तर ते आधी फेडण्याची अट घालता येते. तीनचार कुटुंबांची साखळीही चालते. मात्र एकाने माघार घेतली की सगळ्यांचेच बारगळते.

अदलाबदलीसाठी जोडीदार शोधण्याचे काम भाडेकरूवरच पडते, आणि खरी मदत इथेच लागते. अदलाबदलीची संकेतस्थळे एकमेकांना जोडणारी ‘होमस्वॅप डायरेक्ट’ योजना सरकारने 2011 मध्ये आणली. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याच्या शेजारी बसून अर्ज भरून देणारा कर्मचारी मात्र संस्थेनेच पुरवला पाहिजे. 2013 पासून जादा खोली असलेल्या कामकरी वयाच्या भाडेकरूंच्या घरभाडे साहाय्यात एका खोलीला 14 टक्के, दोन किंवा अधिक खोल्यांना 25 टक्के कपात होऊ लागली. लहान घर शोधणाऱ्यांसाठी जोडीदार शोधण्यातली मदत तेव्हापासून अधिकच निकडीची झाली. नोकरीसाठी दुसऱ्या भागात जाणे भाग असलेल्या भाडेकरूंना प्रतीक्षायादीसाठी स्थानिक संबंधाची अट लावू नये, असा नियम 2015 मध्ये झाला. घरातल्या हिंसाचारापासून पळणाऱ्या बाईला अदलाबदल उपयोगी नाही. घर बदलून देणारा भाडेकरू मिळेपर्यंत थांबायला तिला वेळ नसतो. तिला थेट दुसरे घरच दिले पाहिजे.

सही करण्यापूर्वी घर नीट पाहावे. सहसा ते आहे त्या स्थितीत घ्यावे लागते : आधीच्या भाडेकरूने पाडलेली भिंत किंवा उखडलेली फरशी नव्याच्या गळ्यात पडते. घराबरोबर बहुधा समोरच्याचा भाडेकरारही येतो, म्हणून कौन्सिलचे घर सोडून असोसिएशनच्या घरात जाणाऱ्याने घर विकत घेण्याचा हक्क टिकतो का, हे आधी विचारून घ्यावे. बदलासाठी पैसे घेणे किंवा देणे हे घर खाली करून घेण्याचे कायदेशीर कारण आहे. दोन्ही संस्थांची लेखी संमती हाती येण्याआधी केवळ किल्ल्या बदलून राहायला गेल्यास दोघांचीही घरे जाऊ शकतात.