स्पोर्ट्स कारचे ब्रेक आणि सस्पेन्शन : घरच्या घरी काय करता येते आणि कुठे थांबावे?

स्पोर्ट्स कार म्हटली की पहिली चर्चा होते ती इंजिनाची आणि वेगाची. प्रत्यक्षात गाडी वळणावर रस्ता धरून ठेवते ती सस्पेन्शनमुळे आणि वेळेवर थांबते ती ब्रेकमुळे. जुनी किंवा हौसेने घेतलेली स्पोर्ट्स कार असेल, तर ही कामे स्वतःच्या हाताने करावीत असे अनेकांना वाटते. त्यातली काही कामे थोडे कौशल्य आणि योग्य अवजारे असतील तर जमण्यासारखी आहेत. काही मात्र अनुभवी माणसालाही घरी करणे परवडत नाही. चूक झाली तर ती गॅरेजमध्ये नाही, रस्त्यावर कळते. ही कामे नेमकी कोणती, ती कशी करतात आणि त्यांची मर्यादा काय, ते पाहू.

डिलाईल रोडवर हा प्रश्न वेगळा का?

कामगार नेते ना. म. जोशी यांचे नाव मिळालेला डिलाईल रोड गिरणगावाच्या मध्यातून जातो. रस्त्याच्या एका बाजूला १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बीडीडी चाळी आहेत, तर गिरण्यांच्या जागांवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. परदेशात घराला लागून गॅरेज असते आणि हौशी मालक तिथे दोन दिवस गाडी उघडून ठेवतो. इथे तशी सोय चाळीत नाही आणि टॉवरमध्येही नाही. यांत्रिक पार्किंगच्या लोखंडी पाळण्यात गाडी जॅकवर उचलणे धोक्याचे असते. रस्त्याच्या कडेला उतार, पेव्हर ब्लॉक आणि वाहतूक.

त्यामुळे पहिली अट जागेची. जमीन सपाट आणि काँक्रीटची हवी, सोसायटीची परवानगी हवी आणि काम अर्धवट राहिले तर गाडी तिथेच ठेवता आली पाहिजे. डांबर उन्हात मऊ होते आणि पेव्हर ब्लॉक खचतो. दोन्हींवर जॅक कलंडू शकतो. अशी जागा नसेल तर विषय तिथेच संपतो. काम गॅरेजमध्ये द्यावे आणि शक्य असल्यास शेजारी उभे राहून पाहावे.

ब्रेक नेमके काय करतात?

ब्रेक गाडीची गती उष्णतेत बदलतात. एक टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा असते. सव्वा लिटरहून थोडे अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळायला तेवढी ऊर्जा पुरते. गाडी थांबवताना ही सारी उष्णता काही सेकंदांत डिस्क आणि पॅडमध्ये जाते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

मुंबईकरांच्या ओळखीचे उदाहरण खंडाळ्याच्या घाटाचे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. एक टनाच्या गाडीसाठी ही ऊर्जा ताशी १०० किलोमीटरवरून बारा वेळा थांबण्याएवढी भरते. इंजिन आणि हवेचा विरोध त्यातला काही भाग उचलतात. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा असतो. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरले तर जवळजवळ सगळा भार डिस्कवर येतो.

ब्रेक ऑइल आणि मुंबईची हवा

पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या द्रवाला बोलीभाषेत ब्रेक ऑइल म्हणतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर थेट कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत पोचतो. हा द्रव उकळला तर मात्र त्यात वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे प्रकार ग्लायकॉलवर आधारित आहेत आणि हवेतला ओलावा शोषतात. डॉट ३चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी गेल्यावरची किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१साठी २६० आणि १८० आहेत. डॉट ५ हा सिलिकॉनचा वेगळा द्रव आहे. नावातले साम्य पाहून तो इतरांत मिसळू नये.

समुद्रकाठच्या दमट हवेत हा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो. स्पोर्ट्स कार बहुधा रविवारी बाहेर निघते, मीटरवर किलोमीटर कमी दिसतात आणि ‘एवढ्यात कशाला बदलायचे’ असे वाटते. पण ब्रेक ऑइल किलोमीटरने नाही, काळाने जुने होते. बहुतेक गाड्यांना ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. नेमका प्रकार आणि मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. उघडून अर्धी ठेवलेली जुनी बाटली पुन्हा वापरू नये.

उभ्या गाडीचे आणखी दोन त्रास आहेत. डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना जाम होतात. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड किंवा लायनर चिकटतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावणे अधिक बरे. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर आधी हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून कोरडे करावेत.

पॅड बदलताना काय सांभाळायचे?

घरी करता येण्याजोगे ब्रेकचे पहिले काम म्हणजे पॅड बदलणे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करतात. मग दुसऱ्या टोकाच्या चाकांना ठोकळे लावून गाडी उचलतात आणि ठरलेल्या जागी स्टँड लावतात. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

कॅलिपर काढला की तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. नळीला आतून पडलेली चीर बाहेरून दिसत नाही. पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीतले ऑइल वाढते, म्हणून झाकणाकडे लक्ष हवे. हे ऑइल बॉडीवर सांडले तर रंग उडतो. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर अनेकदा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. इथे बळ वापरले तर कॅलिपर बिघडतो.

पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. पॅडच्या आणि डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर ग्रीसचा किंवा हाताच्या तेलाचा डागही नको. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलतात, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्यापेक्षा पातळ झालेली डिस्क घासून वापरू नये. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये. जुन्या साठ्यातल्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक असते.

काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचे असते. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागतच नाही. ही एवढीशी गोष्ट विसरल्यामुळे गाडी थेट समोरच्या भिंतीवर जाऊ शकते.

ब्रेकची हवा कशी काढतात?

ऑइल बदलल्यावर किंवा नळी उघडल्यावर आत शिरलेली हवा काढावी लागते. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा कॅलिपरवरचा निपल उघडतो, ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात, निपल बंद होतो आणि मगच पेडल सोडले जाते. क्रम चुकला तर हवा उलटी आत जाते. टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही.

जुन्या पद्धतीनुसार मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून बहुधा डावे मागचे चाक पहिले येते. परदेशी व्हिडिओत उजवे मागचे चाक आधी दाखवतात ते तिथल्या गाड्यांसाठी. काही गाड्यांचा क्रम वेगळाच असतो, म्हणून पुस्तिका पाहणे आवश्यक. एबीएसच्या यंत्रणेत हवा शिरली असेल तर अनेक गाड्यांत ती संगणकाशिवाय निघत नाही. जुने ऑइल गटारात न ओतता बंद बाटलीत भरून गॅरेजकडे द्यावे.

सस्पेन्शन : स्प्रिंग, शॉकअप आणि बुश

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते. शॉक ॲबसॉर्बर, म्हणजे आपला शॉकअप, स्प्रिंगचे हेलकावे थांबवतो. शॉकअप बाद झाला की चाक क्षणभर रस्ता सोडते आणि त्या क्षणी ब्रेक कितीही चांगले असले तरी उपयोग नसतो. त्यामुळे ब्रेक आणि सस्पेन्शन या दोन गोष्टी वेगळ्या समजू नयेत.

गाडी कोपऱ्यावर दाबून सोडायची आणि किती डुलते ते पाहायचे, ही जुनी चाचणी फक्त पार गेलेला शॉकअप पकडते. शॉकअपवर उतरलेले तेल, टायरची खवल्यांसारखी झीज आणि ब्रेक लावताना पुढे झुकणारे नाक या खुणा जास्त बोलक्या असतात. शॉकअप नेहमी जोडीने बदलतात.

लिंक रॉड बदलणे किंवा रबर तपासणे घरी जमते. बुश असलेला लोअर आर्म बदलताना मात्र एक चूक हमखास होते. गाडी हवेत असताना चाक खाली लोंबते आणि त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला जातो. मग गाडी जमिनीवर आली की नवा बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट आधी हलके बसवून, चाकावर वजन आल्यावर शेवटचे आवळायचे असतात, तेही टॉर्क पान्याने. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते. स्पोर्ट्स कारमध्ये चाकाचा तिरपेपणा अंशाच्या भागांत ठरलेला असतो, तो डोळ्यांनी जुळत नाही.

स्ट्रटवरची स्प्रिंग उतरवणे मात्र घरी करू नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घेण्याइतका जोर असतो आणि स्वस्त कॉम्प्रेसर निसटतात.

गाडी खाली बसवावी का?

गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून स्प्रिंग कापण्याचा प्रकार सर्रास चालतो. कापलेली स्प्रिंग जागेवर नीट बसत नाही, शॉकअपची चाल संपते आणि गाडी आदळू लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. अनेक स्पोर्ट्स कारचा तळ जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटरवरच असतो. प्रमाणित गतिरोधकावरही फार जागा उरत नाही. मग गल्लीतल्या हाताने घातलेल्या उंचवट्यांचे काय?

कायदाही आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये उत्पादकाने ठरवलेल्या रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ मापाचा आणि दर्जाचा नवा पॅड किंवा शॉकअप बसवणे ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे.

सुटे भाग घेतानाही हेच पाहावे. ऑपेरा हाऊसच्या बाजारात नवे आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात. भारतात बनलेल्या सॅन स्टॉर्म किंवा डीसी अवंतीसारख्या मोजक्या गाड्यांच्या मालकांना अशी शोधाशोध चुकत नाही. आरसा, दिवा, दाराची कडी जुनी चालते. पॅड, ब्रेकची नळी आणि कॅलिपरचे रबर जुने घेऊ नये.

विद्यार्थ्यांच्या गाड्या काय शिकवतात?

स्वतःच्या हाताने ब्रेक आणि सस्पेन्शन बांधण्याची मुंबईतली सर्वात शिस्तशीर शाळा अभियांत्रिकी महाविद्यालयांत भरते. गिरण्यांना तंत्रज्ञ मिळावेत या गरजेतून १८८७मध्ये सुरू झालेली व्हीजेटीआय आणि विद्याविहारचे के. जे. सोमय्या महाविद्यालय येथील विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या छोट्या रेसिंग गाड्या बनवतात. सोमय्याच्या संघाचे नाव ओरायन रेसिंग इंडिया.

या स्पर्धांचे नियम बोलके आहेत. ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत, म्हणजे एक फुटला तरी दोन चाके थांबतील. पेडल मर्यादेपलीकडे गेले तर एक बटण दाबले जाऊन गाडी बंद पडली पाहिजे. गाडी मैदानात उतरण्याआधी चालकाने वेग घेऊन ब्रेक दाबायचा, चारही चाके लॉक झाली पाहिजेत आणि गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे. त्यात नापास झालेली गाडी कितीही वेगवान असो, धावत नाही.

काम झाल्यावर आणि न झाल्यावर

घरच्या कामालाही हीच चाचणी लावावी. आधी उभ्या गाडीत पेडल जोराने अर्धा मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. मग मोकळ्या जागी चालण्याच्या वेगाने थांबून पाहावे. डिलाईल रोडच्या दिवसाच्या गर्दीत ही चाचणी होत नाही. त्यासाठी पहाटेचा रिकामा, सरळ रस्ता हवा. नवे पॅड बसण्यासाठी ताशी ५०-६० किलोमीटरवरून १५पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी करतात आणि मध्ये डिस्क थंड होऊ देतात. सुमारे १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासतात.

पेडल मऊ लागले, गाडी एका बाजूला ओढली, एखादा बोल्ट उरला किंवा कुठे तेलाचा थेंब दिसला, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये. ती टो करून न्यावी. टोइंगचे पैसे वाचवायला निघालेली तीच गाडी सकाळी शाळेच्या रस्त्यावर थांबली नाही, तर किंमत मालकालाच नव्हे, रस्ता ओलांडणाऱ्यालाही मोजावी लागते.